खोल पाण्याआधीची खाज

मे महिन्यात, खोल पाण्याच्या परीक्षेला बरोबर अकरा दिवस उरलेले असताना, मला खाज सुटली. कुठे सुटली हे सांगायला आपल्या भाषेत शब्द आहेत, पण ते एकतर पोथीत सापडतात नाहीतर भांडणात. रोजच्या वापराला ‘तिथे’ हा एकच शब्द उरतो. बायका तो आवाज खाली घेऊन म्हणतात आणि समोरच्या बाईला नेमका पत्ता कळतो. रिक्षावाल्याला इमारतीचं नाव, खूण, वळण सगळं सांगूनही इतक्या अचूक ठिकाणी पोचता येत नाही.

खोल पाण्याच्या परीक्षेबद्दल आधी सांगते, कारण ती नसती तर मी ही खाज निमूटपणे सोसली असती आणि हे लिहायला बसले नसते. मी कल्याणात वाढले. मावशी शहाडला राहायची. तिच्या घरामागून जरा चाललं की उल्हास नदी. सुट्टीत मावसभाऊ नदीत उड्या मारायचे आणि मी आणि मावसबहीण काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. हे काम आम्ही इतकं मन लावून केलं की सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला गुडघ्याच्या वरचं पाणी ठाऊक नव्हतं. मग एका एप्रिलमध्ये, वर्तकनगरच्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या तरणतलावात मी महिलांच्या बॅचला नाव घातलं. बॅच संपते त्या रविवारी परीक्षा. बारा फुटांच्या टोकाला काठावरून उडी मारायची, वर यायचं, आणि दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता पोहायचं. जमलं तर पूर्ण तलाव तुमचा. नाही जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून, लहान मुलांच्या कमरेएवढ्या पाण्यात, दांडी धरून पाय मारणं. मला त्या उडीचं वेडच लागलं होतं. भाजी चिरतानाही मी श्वास मोजत असे.

आमच्या बॅचमध्ये अठरा बायका होत्या आणि कपडे बदलायला खोल्या दोन. त्यातल्या एकीला कडी नव्हती. म्हणजे कडी होती, पण ती ज्यात अडकवायची ते नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडून गेली होती. पाण्यातून बाहेर यायचं, अंग वरवर पुसायचं, ओल्या कॉस्च्युमवरच ढगळ कुर्ता आणि सलवार चढवायची आणि ‘घरी जाऊनच बदलू’ म्हणायचं. आमचे कॉस्च्युमही गुडघ्यापर्यंतचे, जाड, एकदा भिजले की तासभर पाणी सोडणारे. एवढं करून सरळ घरी गेलो असतो तरी ठीक. पण पोहून भूक लागते. समोरच्या टपरीवर चहा, कांदाभजी आणि पाऊण तास गप्पा. तिथून उठलं की भाजी. मग रिक्षा. रिक्षावाले आम्हाला ओळखून होते.

“मॅडम, पिशवी टाकून बसा हां. नंतरचं गिऱ्हाईक ओरडतं मला.”

आम्ही प्लास्टिकची पिशवी टाकून बसायचो. दोन-अडीच तास ओल्या, घट्ट कापडात, मे महिन्याच्या उकाड्यात, वर प्लास्टिक. इडलीचं पीठ फुगायला याहून चांगली सोय करता येणार नाही. पण लाजेपोटी आणि भज्यांपोटी आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

खाज सुटली बुधवारी. गुरुवारी टपरीच्या बाकावर मी एकदा डावीकडे झुकून बसले, एकदा उजवीकडे. समोर आमच्या बॅचमधल्याच एक, ज्यांना सगळ्या मॅडम म्हणत, त्या बसल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय बासष्ट, आणि त्यांचा आवाज अजून निवृत्त झालेला नव्हता.

“काय गं, चुळबुळ का चाललीय? वर्गात असतीस तर उभी केली असती.”

“उभंच राहायचंय मॅडम, पण लोक विचारतील.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भजं खाली ठेवलं आणि प्रार्थनेनंतर सूचना देतात त्या आवाजात विचारलं, “योनीमार्गात खाज आहे का?”

चहावाल्याने गॅस बारीक केला. आमच्यातली एक जण ठसका लागून वाकली ती वर येईना, आणि दुसरी तिच्या पाठीवर थापा मारण्याच्या निमित्ताने तोंड लपवून हसू लागली.

“अहो मॅडम, हळू!”

“हळू कशाला? अवयव आहे तो. नाकाला खाज सुटली तर हळू बोलता का?” मॅडम म्हणाल्या. “हे यीस्ट. बुरशी. यावर एकही औषध घ्यायचं नाही. औषधाने शरीराची सवय बिघडते. निसर्गाने सगळं दिलेलं आहे. लिहून घे.”

आणि त्यांनी खरंच लिहून दिलं. भज्यांच्या कागदावर, ठळक अक्षरात, क्रमांक घालून. दही लावणे. कडुलिंबाच्या पाण्यात बसणे. व्हिनेगरने धुणे. खोबरेल तेल. साखर बंद. आणि शेवटी, अधोरेखित, लसणाची पाकळी सोलून, दोऱ्यात ओवून, आत ठेवणे. दोरा कशाला, असं एकीने विचारलं. “ओढायला,” मॅडम म्हणाल्या, “नाहीतर काढणार कशी?” यावर आम्ही सगळ्या इतक्या हसलो की चहावाला आत निघून गेला.

मी स्वतःला चिकित्सक समजते. घरी बसून मुद्रितं तपासण्याचा माझा धंदा आहे आणि घरगुती उपचारांची दोन पुस्तकं मी स्वतः तपासलेली आहेत. वेलांट्यांची जबाबदारी माझी, इलाजांची नाही, असं म्हणत मी ती मजेत हातावेगळी केली होती. कुणी ‘निसर्गाने दिलेलं आहे’ म्हणालं की मला विंचू आठवतो. पण खाजेची एक गंमत असते. पहिल्या दिवशी तुम्ही पुरावा मागता, दुसऱ्या दिवशी पर्याय बघता आणि तिसऱ्या दिवशी कडुलिंब कुठे मिळेल ते शोधता. शिवाय डॉक्टरकडे गेलं तर ‘पोहणं बंद’ हे दोन शब्द ऐकावे लागतील, याची मला धास्ती होती. घरच्या घरी उरकलं तर कुणालाच कळणार नव्हतं, त्या तलावाला तर नाहीच.

लसूण मी पहिल्याच वाचनात बाद केला. गळाला लावलेल्या आमिषासारखं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. व्हिनेगर एकदा वापरून पाहिलं आणि न्हाणीघरात जागच्या जागी असे काही पाय मारले की आमच्या ट्रेनरने पाहिले असते तर लगेच पास केलं असतं. मग कडुलिंब. शुक्रवारी पातेलंभर पाला उकळला. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि दारातच थबकल्या.

“कुणाला आल्या?”

“काय आल्या?”

“कांजिण्या! एवढा पाला कशाला मग?”

“पायाला,” मी म्हटलं. “पोहून पाय दुखतात.”

सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि बाहेर गेल्या. मी कपडे भिजवायच्या टबात तो हिरवा काढा ओतून वीस मिनिटं बसले. बरं वाटलं, ते कोमट पाण्यात बसल्यावर कुणालाही वाटतं. उठल्यावर आग दुप्पट. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, “दोष बाहेर पडतोय.” इलाजाने बरं वाटलं तर इलाजाचा गुण आणि त्रास झाला तरी इलाजाचाच गुण. अशी नोकरी मला कुणी दिली असती तर मीही निवृत्त झाले नसते.

उरलं दही. त्यासाठी मी एका लहान स्टीलच्या गंजात वेगळं दही लावलं, मीठ-साखरेशिवाय, आणि फ्रिजमध्ये मागे, लोणच्याच्या बरणीआड ठेवलं. लागेल तेवढं स्वच्छ चमच्याने वाटीत काढून घ्यायचं, वाटीतलं वापरायचं, वाटी-चमचा वेगळा धुवायचा. शनिवार-रविवार असं केलं. गार लागतं, दहा मिनिटं सुख वाटतं, मग खाज पुन्हा हजर, आता जरा आंबूस वासाची. बॅचला मी जातच होते, कारण उरलेल्या दिवसांत उडीचा सराव करायचा होता. रोज काठावर उभी राहत होते आणि रोज मागे फिरत होते. भीती किती आणि आग किती, हे वेगळं काढता येत नव्हतं.

सोमवारी दुपारी मी जेवायला बसले. पानात कढी होती. पिवळीधमक, मेथीदाण्याची फोडणी, वर कढीपत्ता. घरात आम्ही दोघीच होतो.

“वरच्या काकूंनी पाठवलीय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची निम्मी वाटी संपली होती. “काल संध्याकाळी विरजण मागायला आल्या होत्या. आपलं संपलं होतं, पण मागे लोणच्याआड तुझा गंज सापडला. काय घट्ट दही लावलंस गं! त्यांचं पातेलंभर दही असं लागलं की सुरी लावावी. म्हणून मुद्दाम कढी करून पाठवली.”

माझा घास हातातच राहिला. मी मनातल्या मनात रविवारची प्रत्येक हालचाल पुन्हा तपासू लागले. सकाळचा चमचा स्वच्छ. दुपारचा स्वच्छ. पण संध्याकाळी मी वाटी हातात घेऊन फ्रिजपाशी उभी असताना फोन वाजला होता. आणि फोन घेण्याआधी कुठला चमचा कुठे ठेवला, हे मला काही केल्या आठवेना.

“जेवत का नाहीस?”

मला हसू फुटलं. साधं नाही. पोटातून गुडगुड करत वर येणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं, ताटावर डोकं टेकवायला लावणारं. वर काकूंच्या घरी सहा माणसं, दोन पाहुणे डोंबिवलीहून आलेले, आणि कढी वाटून खातायत. सासूबाई घाबरल्या. पाणी पुढे केलं. “अगं काय झालं? सांगशील तर!”

मी सांगितलं. सगळं. बुधवारपासून. तिथे, मॅडम, व्हिनेगर, पाला, दही, चमचा. बोलताना मधेमधे हसत होते आणि शेवटी लक्षात आलं की थोडी रडतही होते, कारण रविवार सहा दिवसांवर आला होता आणि मला नीट बसताही येत नव्हतं.

सासूबाईंनी आपल्या वाटीकडे पाहिलं.

“कढी उकळलेली असते,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो, असते.”

“मग झालं.” आणि त्यांनी उरलेली कढी पिऊन टाकली. “वर मात्र बोलू नकोस. तिला कळलं तर ती अंघोळ घालेल आख्ख्या घराला.”

आता त्या हसू लागल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला आवाज न करता हसायची सवय असते. खांदे तेवढे हलतात. मग पदराने डोळे पुसून त्यांनी सांगितलं की धाकटं मूल झाल्यानंतर त्यांना हेच झालं होतं. कुणाला सांगणार? घरात फरशी पुसायचं जंतुनाशक होतं, ते पाण्यात घालून त्या महिनाभर धूत होत्या. “कातडी सोलवटली. तरी सासूला सांगितलं की कंबर धरलीय. तू निदान पाय तरी म्हणालीस.” मग एकदम कडक आवाजात, “उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर.”

मंगळवारी आम्ही गेलो. डॉक्टर बाई चाळिशीच्या आतल्या, शांत, हळू बोलणाऱ्या. आतापर्यंत काय काय केलं, असं विचारल्यावर मी भज्यांचा कागद पर्समधून काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“दही, तेल, व्हिनेगर, कडुलिंब. कोशिंबीर झाली सगळी. फोडणी तेवढी राहिली.”

“लसूण नाही लावला,” मी म्हटलं.

“ते एक बरं केलंत. लसणाने तिथली कातडी भाजते.”

बाजूच्या खुर्चीत सासूबाईंचे खांदे हलू लागले.

तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या की बुरशीच आहे, पण आता त्यावर व्हिनेगर आणि काढ्याने झालेली जळजळही आहे, आणि दुखतंय ते जास्त त्या जळजळीनेच. मी चिकाटीने विचारलं, “औषधाशिवाय होणारच नाही का?”

“फार सौम्य असेल तर कधीकधी आपलं आपण बसतं. तुमचं बसणार नाही. आणि दर वेळी खाज म्हणजे बुरशीच असं नसतं. दुसरंही काही असतं, आणि त्याला ही औषधं चालत नाहीत. म्हणून घरी ठरवायचं नाही. दही खायला उत्तम आहे, खा. लावल्याने बरं होतं म्हणावं असा भरवसा कुणी देऊ शकलेलं नाही.” त्यांनी गोळ्या आणि मलम लिहिलं, रक्तातली साखर तपासायला सांगितलं. मग पेन ठेवलं. “आता औषधाशिवायचं सांगते. ते जास्त कठीण आहे. पाण्यातून बाहेर आलात की पाच मिनिटांत ओला कॉस्च्युम काढायचा. अंग कोरडं करायचं. सुती, सैल कपडे. आत साबण नाही, सुगंधी काही नाही, धुणं नाही. ती जागा स्वतःची साफसफाई स्वतः करते. पाच मिनिटांत हं. भज्यांनंतर नाही.”

भज्यांचं त्यांना कसं कळलं, या विचारात मी क्षणभर पडले. मग टेबलावरचा तेलकट कागद दिसला.

“आणि पोहणं?”

“आग थांबेपर्यंत पाण्यात नाही. शुक्रवारपर्यंत नाहीच.”

“रविवारी परीक्षा आहे.”

“शनिवारी मला फोन करा. बरं वाटत असेल तर उडी मारा. नसेल तर तलाव कुठे पळून जात नाही.”

तलाव पळत नाही हे खरं. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस पळतो. एकदा ‘पुढच्या वर्षी’ म्हटलं की मी गुडघाभर पाण्याची आयुष्यभराची सभासद होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बुधवारी मी तलावावर गेले, पण काठावरच्या बाकावर बसले, आणि नंतर टपरीवर डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. कढीसकट. कढीला टपरी पुन्हा एकदा कोसळली. मग एक जण हळूच म्हणाली, “मलाही होतं गं. मला वाटलं घामाने.” दुसरी म्हणाली, “मलाही.” हात वर करायला सांगितलं असतं तर बहुमत झालं असतं. मॅडम मात्र गप्प होत्या. परत जाताना त्या माझ्याच रिक्षात बसल्या.

“त्या डॉक्टरचा पत्ता दे.”

“कुणाला हवाय?”

“माझी एक मैत्रीण आहे. तिला चार महिने झाले. पुन्हा पुन्हा होतंय.”

“मैत्रिणीने काय काय केलं?”

मॅडमनी रिक्षाबाहेर पाहिलं. “सगळं,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, पहिल्यांदाच हळू आवाजात, “लसूणसुद्धा.”

माझ्या ओठांपर्यंत आलेलं हसू मी गिळलं. ते गिळायला व्हिनेगरपेक्षा जास्त धीर लागला.

मैत्रीण गुरुवारी डॉक्टरकडे जाऊन आली. शुक्रवारी मॅडमनी स्वतःच सांगितलं की मैत्रिणीची साखर बरीच जास्त निघाली, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा होत होतं, आणि मैत्रीण आता गोळ्या घेतेय, दोन्ही प्रकारच्या. “आणि ती मैत्रीण मीच, हे तुला कळलंय, तेव्हा तोंड सरळ कर.” त्यानंतर त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं ताब्यात घेतलं. स्वतःचंच असल्यासारखं. शनिवारी तलावावर पोचले तर कपडे बदलण्याच्या खोल्यांबाहेर वेळापत्रक चिकटवलेलं: अठरा बायका, दोन खोल्या, पाण्यातून दोघी-दोघींनीच निघायचं, प्रत्येकी दीड मिनिट, कडी नसलेल्या दाराला आळीपाळीने एक जण पाठ लावून उभी. “वेळ संपली! बाहेर!” असा आवाज आला की आतली बाई एक पाय सलवारीत आणि एक बाहेर अशी लंगडत येई आणि रांगेतल्या बायका टाळ्या वाजवत. एकदा दाराला पाठ लावलेली बाई फोनवर बोलत बोलत चार पावलं पुढे गेली आणि आतून जी किंचाळी आली, तिच्यात संताप कमी आणि हसू जास्त होतं. मी जन्मात इतक्या उघड्या बायका आणि इतकं हसणं एकत्र पाहिलेलं नाही. वीस वर्षं मोठमोठ्या व्यासपीठांवरून स्त्रीमुक्तीवरची भाषणं ऐकली; दीड मिनिटाच्या पाळ्या कुणी सुचवल्या नव्हत्या.

माझी आग गुरुवारीच निम्म्यावर आली होती. शुक्रवारी मी एक पूर्ण तास खुर्चीत सरळ बसून वीस पानं तपासली. माझी साखर ठीक निघाली. शनिवारी सकाळी डॉक्टरांना फोन केला. “बरं वाटतंय? खरंच की परीक्षेसाठी?” “खरंच.” “मग मारा.” त्या दिवशी मी सराव केला; म्हणजे पोहले. उडीच्या काठाशी गेले नाही.

रविवारी सासूबाई आल्या. त्या तलाव पहिल्यांदाच पाहत होत्या. बाकावर कोरडा टॉवेल, सुती कपडे आणि माझी चप्पल मांडीवर घेऊन बसल्या. पाचव्या नंबरला मला बोलावलं. ट्रेनर पंचवीस-सव्वीसची मुलगी, हातात यादी.

“काकू, खाली बघू नका. समोर बघा आणि पाऊल टाका.”

मी समोर बघितलं. समोर बॅचच्या बायका ओळीने उभ्या, ओल्या, हसऱ्या, आणि मॅडम हात वर करून काहीतरी ओरडत होत्या. पाय कापत होते. पण पहिल्यांदाच फक्त भीतीने कापत होते. दुसरं कसलंच कारण नव्हतं. एवढी स्वच्छ भीती मला परवडण्यासारखी वाटली. मी पाऊल टाकलं.

पाणी डोक्यावरून बंद झालं. हिरवं, गार, कानात गच्च. मी खाली जात राहिले, आणि आता तळ लागेल, लागेल म्हणेस्तोवर कुणीतरी खालून उचलावं तशी वर येऊ लागले. उचलणारं कुणी नव्हतं, पाणीच होतं. डोकं बाहेर आलं, श्वास घेतला आणि तोंडात पाणी गेलं, कारण मी हसत होते. मग हात मारले. अर्ध्यावर दम लागला, तीन चतुर्थांशावर पाय जड झाले. सासूबाईंचा आवाज आला, “अगं थांबू नकोस, ये, ये!” मी थांबले नाही. बोटांना भिंतीची खरखरीत कड लागली.

ट्रेनरने यादीत खूण केली. “पास, काकू. या बाहेर.”

“पुन्हा मारू का उडी?”

“काकू, अजून तेरा जणी आहेत!”

“मग त्यांच्यानंतर?”

“त्यांच्यानंतर बॅच संपली.”

“बॅच संपू दे ना,” मी म्हटलं आणि शिडी सोडून परत पाण्यात गेले.